लेबलाचा डिंक

नाकवाले काकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि कुणी मारलीच असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं की नाही, याचीही शंकाच आहे. धंदा ड्रमांचा. कारखान्यांत रिकामे झालेले मोठे निळे प्लास्टिकचे ड्रम आणायचे, धुवायचे आणि घरोघरी पाणी साठवायला विकायचे. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथे हा धंदा बुडत नाही. ड्रम विकणारे तसे बरेच होते, पण काकांचा भाव निराळा होता, आणि तो त्यांच्या नाकामुळे.

ड्रम यायचे ते निनावी. माल देतानाच दलाल त्यांच्यावरची लेबलं खरवडून काढायचा. कारखान्यांची तशी अटच होती, आपलं नाव कुणाच्या मोरीत मिरवायला नको म्हणून. त्यामुळे आत काय होतं हे सांगायला ड्रमाच्या पोटातला वास एवढाच साक्षीदार. एकात बिस्किटांत घालायचा अर्क असायचा, एकात सरबताचा रंग, एकात साबणाचं अत्तर, एकात फरशी पुसायचं काहीबाही. काका कढत पाण्यात धुण्याचा सोडा आणि मूठमूठ खडी घालून ड्रम भरायचे, झाकण ठोकायचे आणि पायाने ढकलत तो अंगणभर लोळवायचे. मग पालथा घालून निथळवायचे. खरी परीक्षा त्यानंतर. वाळलेला ड्रम झाकण घट्ट लावून दिवसभर उन्हात ठेवायचा. प्लास्टिक वास पितं आणि वरून साळसूदपणे बसून राहतं, असं काका म्हणायचे, पण ऊन लागलं की त्याला सगळं ओकावंच लागतं. ऊन उतरलं की ते झाकण काढायचे, कमरेत वाकून डोकं आत घालायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. त्या एका श्वासावर ड्रमाचं नशीब ठरायचं. एक रांग प्यायच्या पाण्याची, दुसरी धुण्याभांड्याची, तिसरी बांधकामावर जाणाऱ्यांची. काकांनी ज्याला पहिल्या रांगेत बसवलं, त्याच्याबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

नाकाचा अभिमान त्यांना होताच, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. दुसऱ्या कुणाचा ड्रम दिसला की ते लांबूनच विचारायचे, हा धुतलाय की नुसता पावसात ठेवला होता? नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, असा माणूस. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःशी कधीच ठरवून टाकली होती. खाण्याच्या कारखान्यातून आलेल्या ड्रमाला फार छळायचं नाही. साबणाचा ड्रम ते तीनतीनदा धुवायचे, अर्काचा एकदाच. जे माणसाच्या पोटातच जायचं आहे त्याला काय भ्यायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. उलट, लोण्याच्या अर्काच्या ड्रमात कढत पाणी ओतलं की जी वाफ उठायची, ती ते तोंड पुढे करून घ्यायचे. फुकटात नाश्ता झाला म्हणायचे.

ड्रमावर शेवटचा हात काकूंचा. त्या कोरड्या फडक्याने एकेक ड्रम आतून-बाहेरून पुसायच्या आणि मगच तो फाटकाबाहेर जायचा. कधीमधी एखादा ड्रम त्या परत लोळवत आणायच्या आणि म्हणायच्या, बाकी चांगला आहे, फक्त लेबलाचा डिंक राहिलाय. काका ड्रम फिरवून फिरवून बघायचे. डिंकाचा ठिपकासुद्धा नसायचा. तुझ्या डोळ्यांत डिंक झालाय, असं पुटपुटत ते तो पुन्हा धुवायला घ्यायचे, कारण काकूंशी वाद घालण्यापेक्षा ड्रम धुणं सोपं होतं. पुढे पुढे हे डिंकाचं प्रकरण फार वाढलं. चारातला एक ड्रम परत यायला लागला. वय झालं की बायका चिकित्सक होतात, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती.

मग काकू गेल्या. थोडा ताप, थोडा खोकला, आणि आठवड्यात सगळं आटोपलं. काकांनी फडकं धुऊन खिळ्याला टांगलं आणि पुसायचं कामही स्वतःच करू लागले. त्यांना डिंक कधी दिसला नाही.

त्यानंतरच्या वर्षी लेकीला मुलगी झाली आणि लेक-जावयाने चार गल्ल्या सोडून वेगळं बिऱ्हाड केलं. तिथे द्यायला म्हणून काकांनी एक ड्रम निवडला. असा ड्रम जन्मात पाहिला नाही, असं ते त्या वेळी ज्याला त्याला सांगत होते. दिवसभर उन्हात तापलेला, झाकण काढून डोकं आत घातलं, तर वास म्हणून नाही. कोऱ्यालाही प्लास्टिकचा वास असतो, याला तोसुद्धा नाही. तो त्यांनी स्वतः ढकलत नेला आणि लेकीच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या कोपऱ्यात बसवला. नातीचं नाव त्यांनी बिट्टी पाडलं होतं. ती चालायला लागली ती त्याच ड्रमाला धरून.

बिट्टीची तब्येत पहिल्यापासून नाजूक. पोट दुखायचं, तोंडाभोवती लाल चट्टे उठायचे, जरा बरे झाले की पुन्हा यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरचं बंद करा, रंगीत गोळ्या बंद करा, साबण बदला. लेकीने मनावर घेतलं म्हणजे काय, तिने घरात युद्धच पुकारलं. पाकिटाच्या पाठीमागचं बारीक अक्षर ती भिंग लावून वाचायची. ज्याचा उच्चार करता येत नाही ते माझ्या मुलीच्या पोटात जाणार नाही, हा तिचा नियम. सॉस गेला, पाकिटातले वेफर गेले, वासाची पावडर गेली, बिस्किटांचा डबा तर जावयाच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला. काका हसायचे. म्हणायचे, एक दिवस ही नवऱ्याच्याही पाठीमागचं वाचून त्याला बाहेर टाकेल. मनातून मात्र त्यांना लेकीचं कौतुक वाटायचं. बिट्टी काही फारशी बरी झाली नाही, पण निदान एक गोष्ट घरात चोख आहे, पाणी, असं लेक म्हणायची तेव्हा काकांची मान ताठ व्हायची. बिट्टीलाही दुसरीकडचं पाणी चालायचं नाही. आजोबांकडे आली तरी म्हणायची, आमच्या घरचं पाणी गोड लागतं, हे नुसतं पाणी आहे. हे सगळ्यांना फार गमतीचं वाटायचं.

असं सगळं नाकासमोर चाललं होतं, आणि एका सकाळी चहा उतू गेला.

बिट्टी आजोबांकडे होती. काकांनी शेगडीवर चहा ठेवला आणि तिला मांडीवर घेऊन राक्षसाची गोष्ट सुरू केली. चहा उतू जाऊन जाळ विझला. गॅस सुरूच राहिला. राक्षस नदीपर्यंत पोचला, नदी ओलांडून गेला, गोष्ट संपून दुसरी सुरू झाली. तेवढ्यात फाटकातून लेक धावतच आत आली, तोंडावर ओढणी धरून. तिने आधी गॅस बंद केला, मग खिडक्या उघडल्या, मग मुलीला ओढून अंगणात नेलं. बिट्टीचं डोकं दुखत होतं. ती मघापासून नाक धरून बसली होती, आणि काकांना वाटलं होतं की राक्षसाच्या भीतीने.

"बाबा, वास रस्त्यापर्यंत येत होता," लेक म्हणाली. "तुम्हाला आला नाही?"

"सर्दी झालीय," काका म्हणाले. त्यांना सर्दी झालेली नव्हती.

लेक गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि घरातल्या एकेका वस्तूला नाक लावत सुटले. कांदा चिरला, डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. रॉकेलची बाटली उघडली, मग साबणाची वडी, मग कालचा घामाचा सदरा. बूटसुद्धा हुंगला. सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या आणि एकीलाही वास नव्हता, जणू कुणीतरी येऊन तेवढाच चोरून नेला होता. शेवटी त्यांनी काकूंची ट्रंक उघडली. तिच्यात काकूंची एक जुनी लोकरीची शाल होती. त्या गेल्यावर आठवडाभराने काकांनी ती काढून तोंडाशी धरली होती, आणि तिला काहीच वास लागला नाही म्हणून मुलासारखे रडले होते. तेव्हा त्यांना वाटलं होतं, माणूस गेलं की वासही इतक्या लवकर जातो. आता शाल मांडीवर घेऊन ते बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की शालीचा वास तेव्हा कुठेच गेला नव्हता. गेलं होतं ते त्यांचं नाक.

मग किती आधी? दात पडला तर कळतं, दृष्टी अधू झाली तर ठेच लागते. नाक जाताना कुणाला सांगून जात नाही. काका मागे मागे जात राहिले आणि शेवटचा वास कुठला आला होता ते त्यांना आठवेना. आठवले ते परत आलेले ड्रम. काकू एखादा ड्रम लोळवत आणताहेत, त्यांच्याकडे न बघता ड्रमाच्या काठाकडे बघताहेत, आणि म्हणताहेत, बाकी चांगला आहे. आधी वर्षातून एखादा, मग महिन्याला, मग चारातला एक. डिंक कधी नव्हताच. काकूंना कळलं होतं, आणि ज्या नवऱ्याला सगळं गाव नाकवाले म्हणतं त्याला तुझं नाक गेलंय हे कसं सांगायचं, म्हणून त्यांनी त्याला फक्त डिंक दाखवला होता. त्या होत्या तोवर नाक घरात होतं. त्या गेल्यावर मात्र काका रिकाम्या नाकाने डोकं घालत राहिले आणि ड्रमांना पहिल्या रांगेत बसवत राहिले.

लेकीचा ड्रम काकू गेल्यानंतरचा होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ते गुपचूप जाऊन आले. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, काम काय करता विचारलं. वर्षानुवर्षं असल्या वाफा घेतल्याने असं होऊ शकतं, वयानेही होऊ शकतं, नेमकं कशाने हे छातीठोक सांगता येणार नाही, असं म्हणाले. काकांनी आडून आडून विचारलं, समजा अर्काच्या ड्रमात कुणी प्यायचं पाणी ठेवलं तर? अर्क तर खाण्यातच घालतात. डॉक्टर म्हणाले, घाणाभर पिठात चमचाभर घालणं निराळं आणि ड्रमाच्या तळचं रोज पिणं निराळं. आणि आत नेमकं काय होतं हेच माहीत नसेल तर मी तरी काय सांगणार. काकांनी मान हलवली आणि औषधाची चिठ्ठी न घेताच बाहेर पडले.

परत येताना त्यांनी पहिल्यांदाच आपली वस्ती पाहिली. दर दाराशी, दर जिन्याखाली, दर मोरीत एक निळा ड्रम होता. शिंप्याकडे एक, शाळेच्या ओट्यावर दोन, चहाच्या टपरीमागे एक. एरवी ते यांच्याकडे बापाने मुलांकडे बघावं तसे बघत जायचे. आज ते ड्रमच त्यांच्याकडे बघत होते. कुठे झाकण आपटलं की ते दचकत. खिडकीतून कुणाचा खोकला आला की पाऊल अडखळे. शिंप्याची बायको वर्षभर पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला होती, टपरीवाल्याची आई अचानक गेली होती, कोपऱ्यावरच्या मुलाच्या अंगावर कसलं तरी उठत होतं. ही सगळी दुखणी आजवर त्या त्या घरची होती. आता ती एकेक करून काकांच्या दारात येऊन बसली. यातलं एकही आपल्यामुळे नसेल, असं ते स्वतःला सांगत. आणि सगळीच असतील तर, असं लगेच दुसरं मन विचारी. माणसाला आपला गुन्हा माहीत असला तर तो शिक्षा तरी भोगतो. काकांना गुन्हा झाला की नाही हेच माहीत नव्हतं.

त्यांनी पाठ धरल्याचं निमित्त करून विक्री बंद केली. अंगणातले ड्रम उन्हात तापत, प्लास्टिक रात्रभर गार होताना कडकड वाजे, आणि काका आत पडून ऐकत.

शेवटी सहन होईना तेव्हा ते लेकीकडे गेले. नळ येऊन गेला होता, ड्रम काठोकाठ भरला होता. काका म्हणाले, रिकामा कर. लेक म्हणाली, डोकं फिरलंय का, परवापर्यंत पाणी नाही. काकांनी वाद घातला नाही. स्वतःच तपेल्याने पाणी उपसून मोरीत ओतायला लागले. त्यांचा चेहरा बघून लेकही हात लावायला पुढे झाली. दोघांनी मिळून ड्रम मागच्या अंगणात काढला, कोरडा केला, झाकण घट्ट लावलं आणि उन्हात उभा केला. सकाळची दुपार झाली. बिट्टी ड्रमाभोवती फेऱ्या मारत विचारत राहिली, आजोबा, आतून काय निघणार?

ऊन उतरायला लागलं तसं काका म्हणाले, "आज तू बघ वास."

"मी? तुमच्यासमोर मी काय बघू?"

"बघ, बाळ."

लेकीने झाकण काढलं. ती वाकली आणि डोकं आत घातलं. काकांना तिची पाठ दिसत होती. ती एकदा वर उचलली गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने बापाकडे पाहिलं नाही. ओढणीच्या टोकाने ती ड्रमाचा काठ पुसू लागली, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

"चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. "फक्त लेबलाचा डिंक राहिलाय."

काका पायरीवर खाली बसले.

"लेबल बाहेरून असतं गं," ते म्हणाले. "आत कुठला डिंक?"

लेक पुसत राहिली. मग हळूहळू बोलली. आईने तिला कधी काही सांगितलं नव्हतं. पण बाबा हात धुवायला आत गेले की आई ड्रमात डोकं घालायची, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिला वाटायचं, आई आतून पुसते आहे. त्या दिवशी गॅसचा वास रस्त्यापर्यंत आला आणि बाबा गोष्ट सांगत बसले होते, तेव्हापासून तिच्या मनात हे घोळत होतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

"कशाचा वास आहे?" काकांनी विचारलं.

"लोण्याचा." ती म्हणाली. "बिस्किटांना येतो तसा."

पाण्याला वास येत होता की नाही हे तिलाही सांगता येईना. रोजचं पाणी कोण हुंगतं? जिने घरातलं शेवटचं बिस्किट कचऱ्यात टाकलं होतं, ती बिट्टीला रोज तेच पाजत आली होती, स्वतःच्या हाताने, बापावरच्या विश्वासाने. त्यानेच पोरीचं पोट दुखत होतं की आणखी कशाने, हे ना तिला माहीत होतं ना काकांना, आणि बहुधा कधीच कळणार नव्हतं. बिट्टी टाचा उंचावून ड्रमात डोकावायला गेली. लेकीने तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ती रडायला लागली. मग लेकही रडली. आई असती तर, एवढंच म्हणाली आणि थांबली, कारण पुढचं तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

काका उठले. त्यांनी कोयता मागून घेतला आणि ड्रमाच्या बुडाला मोठं भोक पाडलं, पुन्हा कुणी भरू नये म्हणून. पाणी साठवायला लेकीने घरातली पातेली मांडली. काका चपला घालून गल्लीत उतरले. कुणाला कुठला ड्रम कधी दिला हे त्यांना धड आठवत नव्हतं, काकू जायच्या आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला हेही सांगता येत नव्हतं, कारण सगळे ड्रम सारखेच निळे.

पहिलं दार शेजारच्या मावशींचं. त्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या.

"मावशी, तुमचा ड्रम रिकामा करा," काका म्हणाले. "माझं नाक गेलंय. फार दिवस झाले."

मावशी हसल्या. नाकवाल्यांचं नाक जातं तेव्हा जग बुडतं, असं काहीतरी म्हणाल्या. एवढी वर्षं आम्ही तुमच्या ड्रमाचं पाणी पितो, काही झालंय का आम्हाला? उन्हातून आलात, डोकं तापलंय, बसा. आणि त्या उठून दाराशी असलेल्या ड्रमातून पेला बुडवून घेऊन आल्या.

काकांनी पेला हातात घेतला. सवयीने तो नाकाशी नेला आणि सगळ्या छातीने श्वास ओढला. काही नाही. पाण्यात ऊन चमकत होतं, पेला गार होता, मावशी समोर उभ्या राहून ते पितात का बघत होत्या. काकांनी पेला पायरीपाशी मातीत ओतला.

"रिकामा करा, मावशी," ते पुन्हा म्हणाले.

मावशींचं हसू मावळलं. मागून पावलांचा आवाज आला. बिट्टीला कडेवर घेऊन लेक आली होती. तिने बिट्टीला आजोबांजवळ उभं केलं, बापाकडे न बघता मावशींच्या ड्रमाचं झाकण काढलं आणि आत वाकली. गल्लीत पुढे दर दाराशी एक निळा ड्रम उभा होता.